पंधरा रकाने भरताना

आमचं वाचनालय नागपूरच्या महाल भागात आहे. शासनमान्य, 'क' वर्ग. सभासद सव्वाशेच्या आसपास, रोज येणारे वीस-पंचवीस, तेही सकाळी पेपर वाचायला. मी तिथे अर्धवेळ ग्रंथपाल आहे. २०२४-२५ मध्ये आम्ही पोटमाळ्यावरच्या १,१४६ जुन्या वस्तू स्कॅन करून त्यांचा मेटाडेटा, म्हणजे प्रत्येक वस्तूची ठरावीक रकान्यांतली माहिती, तयार केला. स्कॅनिंगला १९ दिवस लागले, मेटाडेटाला आठ महिने. या दुसऱ्या भागाबद्दल मराठीत कुणी अनुभव लिहिलाय का, म्हणून मी तेव्हा बरंच शोधलं. सापडला असता तर जुलैमधल्या दोन-चार रात्री तरी नीट झोप लागली असती.

सुरुवात पावसानं झाली. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपुरात कोणी विसरलं नसेल. अंबाझरी ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली. आमच्याकडे पूर शिरला नाही, पण छप्पर गळलं आणि पोटमाळ्यावरच्या सहा पेट्यांपैकी दोन भिजल्या. पंख्याखाली कागद वाळत घालताना आपल्याकडे काय पडलंय ते पहिल्यांदा नीट दिसलं: नाटकांची हँडबिलं, गणेशोत्सवाच्या स्मरणिका, हस्तलिखित अंक, सभांचे आणि तान्ह्या पोळ्याच्या (पोरांच्या पोळ्याच्या) बक्षीस समारंभांचे फोटो, इतिवृत्ताच्या वह्या. दाखल रजिस्टरात यातलं काहीच नव्हतं. पुस्तकं नाहीत ना, म्हणून.

लहान वाचनालयांना डिजिटायझेशनसाठी मदत करणारी बाहेरगावची एक संस्था आहे. जानेवारी २०२४ मध्ये तिच्याकडे अर्ज केला. धर्मादाय आयुक्तांकडचं नोंदणी प्रमाणपत्र, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, तीन दरपत्रकं आणि कार्यकारिणीचा ठराव लागतो. आमचा ठराव परत आला. त्यात 'स्कॅनिंग करणे' होतं, 'ऑनलाइन खुले करणे' नव्हतं. पुन्हा सभा, पुन्हा गणपूर्तीसाठी फोनाफोनी, पुन्हा चहा. तुम्ही अर्ज करणार असाल तर ठरावात दोन्ही शब्द पहिल्यांदाच घाला. ४ एप्रिलला १,८०,००० रुपये मंजूर झाल्याचं पत्र आलं. ४० टक्के आगाऊ, ४० टक्के मेटाडेटा मान्य झाल्यावर, उरलेले २० उपयोगिता प्रमाणपत्र दिल्यावर. म्हणजे ७२,००० रुपये एका एक्सेल शीटवर अडकलेले. सही करताना हे वाक्य मी वाचलं होतं, पण डोक्यात शिरलं नव्हतं.

स्कॅनिंग मे महिन्यात झालं. बर्डीतला एक स्कॅनिंगवाला मशीन घेऊन आमच्या हॉलमध्ये बसला. ३,९०० पानं, पानामागे ६ रुपये, एकूण २३,४००. बाहेर पंचेचाळीसच्या आसपास पारा आणि आत कूलर बंद, कारण कूलर लावला की हँडबिलं उडायची. तो बिचारा गळ्यात ओला गमछा टाकून काम करायचा. ४०० डीपीआय, टिफ फाइल. एकच चूक महागात पडली. मशीन रोज सकाळी फाइलींना पुन्हा १ पासून नंबर द्यायचं आणि हे आमच्या पाचव्या दिवशी लक्षात आलं. फाइलचं नाव स्कॅन करतानाच दाखल क्रमांकावरून द्या, नंतर जुळवत बसू नका.

मग आला मेटाडेटाचा नमुना. पंधरा रकाने: शीर्षक, निर्माता, विषय, वर्णन, प्रकाशक, सहयोगी, दिनांक, प्रकार, स्वरूप, ओळख क्रमांक, मूळ स्रोत, भाषा, संबंध, व्याप्ती, हक्क. याला डब्लिन कोअर म्हणतात. आमच्या सचिव काकांना वाटलं आयर्लंडचं काहीतरी. हे डब्लिन अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं. मार्च १९९५ मध्ये तिथे ग्रंथपाल आणि संगणकवाले एकत्र बसले. इंटरनेटवर ढिगानं येणाऱ्या गोष्टींचं वर्णन कुणालाही जमेल इतक्या सोप्या पद्धतीनं करायचं, असा विचार होता. आधी तेरा घटक ठरले, पुढे पंधरा झाले, २००३ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानक म्हणून आयएसओ १५८३६ हा क्रमांक मिळाला. यातला कोणताही रकाना सक्तीचा नाही आणि कोणताही हवा तितक्या वेळा भरता येतो.

बी.लिब.ला आम्ही मार्क, म्हणजे ग्रंथांच्या नोंदी संगणकात भरायची पद्धत, शिकलो होतो. शंभर नंबरला लेखक, दोनशे पंचेचाळीसला शीर्षक, त्यात पुन्हा उपक्षेत्रं. त्या मानानं हे पंधरा रकाने म्हणजे पोरखेळ वाटला. काका म्हणाले, "एवढं तं आपला पोट्टाही भरून देते मॅडम." मीही दोन आठवड्यांचा अंदाज दिला. ग्रंथालयशास्त्राच्या दोन विद्यार्थिनी मदतीला घेतल्या, प्रत्येकी ८,००० रुपये मानधन, शिवाय रोज सकाळी तर्री पोहे. १ जुलैला शीट पाठवली.

२९ जुलैला उत्तर आलं. सोबत तपासणी अहवाल: ४१२ चुका.

संध्याकाळी रिकाम्या हॉलमध्ये बसून मी तो अहवाल वाचला आणि घरी कुणाला काही बोलले नाही. खरं सांगायचं तर लाज वाटली. सोळा वर्षं आपण तालिकीकरण करतो म्हणून सांगत फिरतो, आणि हे काय? दुसऱ्या दिवशी शांतपणे पाहिल्यावर कळलं की निम्म्याहून जास्त चुका माझ्या नव्हत्या, एक्सेलच्या होत्या. मी तारीख वर्ष-महिना अशी लिहिली की एक्सेल आपल्या मर्जीनं ती बदलून ठेवायचं. गंमत म्हणजे १९०० च्या आधीच्या तारखा तशाच राहिल्या होत्या, कारण एक्सेलला त्या तारखा म्हणून कळतच नाहीत. बऱ्याच ठिकाणी एका मुलीनं मराठी कीबोर्डवरूनच आकडे टाकले होते. देवनागरी आकडा म्हणजे त्या यंत्रणेच्या लेखी आकडाच नाही. आणि एकदा तर फाइल साध्या सीएसव्हीत (नुसत्या मजकुराच्या तक्त्यात) सेव्ह झाल्यामुळे एका पेटीतलं सगळं मराठी प्रश्नचिन्हं होऊन गेलं होतं.

यावर उपाय असे: सगळे रकाने आधी 'टेक्स्ट' करून घ्या, मग टाइप करा. सेव्ह करताना नावात यूटीएफ-८ असलेलाच सीएसव्ही प्रकार निवडा. जमत असेल तर लिबरऑफिस वापरा, ते फाइल उघडतानाच एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) विचारतं. तारखेच्या रकान्यात इंग्रजी आकडे, शीर्षकात मात्र छापलेत तसेच. रोज संध्याकाळी तारखेच्या नावानं वेगळी प्रत ठेवा. हे शेवटचं आम्हाला कसं सुचलं ते पुढे येईलच.

भाषेचा रकाना एका दुपारी उरकला. आमच्या शीटमध्ये 'मराठी', 'मराठी ' (शेवटी एक स्पेस), इंग्रजी स्पेलिंग, दोन अक्षरी संकेत आणि तीन अक्षरी संकेत असे पाच प्रकार होते. माणसाला सगळं मराठीच दिसतं, यंत्राला पाच भाषा. ओपनरिफाइन नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात एका रकान्यातल्या वेगवेगळ्या नोंदी मोजणीसकट समोर येतात आणि एकदम दुरुस्त करता येतात. हे जूनमध्ये माहीत असतं तर! एक मात्र नवीन कळलं. आयएसओ ६३९-३ या भाषा-संकेतांच्या यादीत वऱ्हाडी-नागपुरीला स्वतंत्र संकेत आहे. आमच्याकडे वऱ्हाडीतले अकरा हस्तलिखित फार्स होते, त्यांना तो दिला. काकांना हे ऐकून जो आनंद झाला तो मंजुरीच्या पत्रानंही झाला नव्हता.

पण शोधून पाहिलं तर 'वऱ्हाडी' टाकल्यावर अकरातले सातच यायचे. दोन दिवस डोकं फुटायची वेळ आली. अक्षर तेच, जोडाक्षर तेच, डोळ्याला काडीचा फरक नाही. शेवटी उलगडा झाला. हा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-संकेतांत, दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, ऱ आणि हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. माझा कीबोर्ड एक करायचा, मुलींच्या फोनवरचा दुसरा. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करणं) चालवलं तरी हे दोन एक होत नाहीत. हातानंच एक रूप ठरवावं लागतं आणि दुसरं शोधून बदलावं लागतं. विदर्भात काम करत असाल तर पहिल्याच दिवशी हे ठरवून घ्या, नाहीतर तुमचं अर्धं वऱ्हाड गायब.

आता तारखा. माझे सर्वात जास्त दिवस इथे गेले. जुन्या हँडबिलांवर शके छापलेलं असतं आणि आम्ही सरसकट ७८ मिळवत सुटलो होतो. 'शके १८७१, माघ शुद्ध ५' म्हणजे १९४९ असं लिहून मोकळे. पण शक बदलतो चैत्रात, आणि माघ येतो जानेवारी-फेब्रुवारीत. तोवर इंग्रजी साल पुढे गेलेलं असतं. तिथे ७९ मिळवायचे. म्हणजे ते हँडबिल जानेवारी १९५० चं. असली चूक ५३ ठिकाणी निघाली, आणि ही तपासणीवाल्यांनी पकडली नव्हती. एका हँडबिलात प्रजासत्ताक दिनाच्या तयारीचा उल्लेख होता, तो वाचून माझी मीच दचकले. पौष महिना सगळ्यात फसवा, कारण तो डिसेंबर-जानेवारी असा दोन सालांत पसरतो. तिथे तिथी बघून पंचांगाशी ताडून घ्यावंच लागतं.

ज्या वस्तूंवर तारीखच नाही त्यांचं काय? आम्ही 'अंदाजे १९६०', '१९६० च्या सुमारास', 'साठचं दशक' असं काहीबाही लिहिलं होतं. यासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पुढाकारानं तयार झालेली एक लेखनपद्धत आहे, २०१९ पासून ती आयएसओ ८६०१ च्या दुसऱ्या भागात आली आहे. सालापुढे प्रश्नचिन्ह म्हणजे खात्री नाही. नागमोडी रेघ म्हणजे अंदाजे. शेवटच्या आकड्याऐवजी एक्स म्हणजे दशक कळलंय, साल नाही. मला हे फार आवडलं. आमच्या धंद्यात 'माहीत नाही' असं म्हणायची सोय कमीच असते.

ऑगस्टच्या शेवटी मी तपासणी करणाऱ्या ताईंना सरळ फोन लावला. ईमेलवर खडूस वाटणारी माणसं फोनवर बरी असतात, हा माझा जुना अनुभव. दीड तास बोललो. त्यांनी विचारलं, "हँडबिलाचा निर्माता म्हणून तुम्ही कवी अनिल लिहिलंय. ते हँडबिल त्यांनी लिहिलं का?" नाही हो, ते कार्यक्रमाचे अध्यक्ष होते. "मग निर्माता तुमचं मंडळ. ते वर्णनात आणि विषयात जातील." शिवाय त्यांचं नाव आमच्या कागदांवर चार तऱ्हांनी आलं होतं: कवी अनिल, आ. रा. देशपांडे, ए. आर. देशपांडे आणि नुसतं 'अनिल'. माणूस एक, तर नोंदीतलं नावही एकच हवं. आम्ही 'देशपांडे, आत्माराम रावजी, १९०१-१९८२' हे ठरवलं आणि बाकीची रूपं वेगळ्या नामसूचीत ठेवली. इतिवृत्तातल्या नुसत्या 'देशपांडे' या नोंदी मात्र तशाच सोडल्या. नागपुरात गल्लीला एक देशपांडे असतो. कोणता ते कशावरून ठरवणार?

त्याच फोनवर आणखी एक गाठ सुटली. स्कॅन केलेल्या हँडबिलाचा 'प्रकार' आम्ही चित्र लिहिला होता, फाइल चित्राची आहे म्हणून. डब्लिन कोअरच्या बारा प्रकारांच्या यादीत स्पष्टच आहे: मजकुराचं चित्र काढलं तरी तो मजकूरच. टिफ आहे हे 'स्वरूप' या रकान्यात सांगायचं. फोटो मात्र चित्रच. सांगितल्यावर उघड वाटतं, पण आमच्या ४१२ मधल्या ७० चुका याच होत्या.

सप्टेंबरच्या सुरुवातीला पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबत, म्हणजे ईडा-पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक. महालात त्या दिवशी काम होत नाही, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. वाचनालयाच्या ओट्यावर उभी राहून मी पिवळी मारबत जाताना पाहत होते आणि डोक्यात विषयाचा रकाना. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' या आरोळीला विषय काय द्यायचा? आम्हाला दिलेल्या इंग्रजी विषयसूचीत 'सण - भारत' याच्यापलीकडे काही नव्हतं. त्या एका शब्दाखाली मारबत, बडगे, लाकडी नंदीबैल, गणेशोत्सव, कोजागरी सगळं कोंबलं तर शोधणाऱ्याला काय मिळणार? ताईंना विचारलं. स्थानिक सूची जोडली तर चालेल, पण प्रत्येक शब्दाला एका ओळीचा खुलासा हवा, म्हणाल्या. आम्ही १३८ शब्दांची सूची केली. मोठा शब्द त्यांचा, नेमका शब्द आमचा, दोन्ही लिहायचे. एकाच रकान्यात दोन नोंदी द्यायच्या असतील तर मध्ये दोन उभ्या रेघा टाका. त्यांचं पोर्टल डीस्पेस नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतं आणि त्याला तसंच लागतं. स्वल्पविराम टाकला की सगळा एकच शब्द धरला जातो.

आणि मग तो ऑक्टोबरमधला शुक्रवार. १९५४ च्या स्मरणिकेवर 'नागपूर, मध्यप्रदेश' छापलेलं होतं. एका मुलीला वाटलं छपाईची चूक. तिनं अख्ख्या शीटमध्ये 'मध्यप्रदेश' शोधून 'महाराष्ट्र' करून टाकलं. व्याप्तीच्या, म्हणजे ठिकाणाच्या, रकान्यातच नाही, शीर्षकांतसुद्धा. संस्थांची नावं बदलली, अधिवेशनांची बदलली. तिची चूक तरी काय म्हणू? १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर मध्यप्रदेशाची राजधानी होतं, मग द्विभाषिक मुंबई राज्यात गेलं, १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलं, हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. शाळेत एका ओळीत संपतं ते. शेवटची प्रत आठ दिवसांपूर्वीची होती. आठ दिवसांचं काम तिघींनी मिळून पुन्हा केलं. रोजची प्रत ठेवायचा नियम तेव्हापासूनचा. शेवटी ठरलं असं: शीर्षकात छापलेलं तसंच, व्याप्तीत फक्त 'नागपूर' आणि नकाशावरचा ओळख क्रमांक, जुन्या राज्याचं नाव वर्णनात.

हक्कांचा रकाना सगळे टाळतात, आम्हीही टाळला होता. सगळीकडे 'वाचनालयाच्या मालकीचे' असं चिकटवलं होतं. कागद आपला असणं आणि त्यातल्या मजकुराचा हक्क आपला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९५७ च्या कायद्यानुसार हक्क लेखकाच्या निधनानंतरचं वर्ष सुरू झाल्यापासून ६० वर्षं राहतो. निनावी मजकुराला प्रकाशनापासून ६० वर्षं. म्हणजे १९५० चं निनावी हँडबिल आता खुलं, पण १९८२ मध्ये वारलेल्या लेखकाचं लेखन २०४२ संपेपर्यंत नाही. हस्तलिखित अंकांतल्या ६४ नोंदी आम्ही त्यामुळे फक्त वर्णनापुरत्या ठेवल्या, पानं उघडली नाहीत. कार्यकारिणीत यावरून वाद झाला. एक सदस्य अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

दुसऱ्यांदा शीट १८ नोव्हेंबरला पाठवली. ३१ चुका. तिसऱ्यांदा ९ जानेवारी २०२५ ला. ६ फेब्रुवारीला 'मान्य' असं एका शब्दाचं उत्तर आलं आणि ७२,००० रुपये ११ मार्चला खात्यात जमा झाले. तोवर मुलींचं मानधन काकांनी खिशातून दिलं होतं. हप्ता वेळेवर येईल असं धरून कुणाला शब्द देऊ नका. एकूण हिशेबात मेटाडेटासाठी आम्ही फक्त २०,००० धरले होते, प्रत्यक्षात ४६,५०० लागले.

पोर्टलवर नोंदी दिसायला लागल्यावर काकांनी पहिलं काय पाहिलं, तर ३७ नोंदींत तारखेचा रकाना कोरा आहे. "हे काऊन खाली ठेवलं जी? लोक म्हणतीन काम अर्धवट." मी म्हटलं, कोरा रकाना नियमात बसतो. त्यांना पटलं नाही. म्हणून त्यातले फोटो मोठे करून मी पेपरच्या टेबलाजवळ लावले.

मार्चअखेर रोज येणारे एक आजोबा चष्मा कपाळावर चढवून एका फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. तान्ह्या पोळ्याचा फोटो, नंदीबैल घेतलेली पोरं, मागे आमचाच ओटा. "हा अठ्ठावनचा," ते म्हणाले. "त्याच पोळ्याला माझ्या मोठ्या भावाचा पाय मोडला. म्हणून तो फोटोत नाही. मी हा इथं, डावीकडून तिसरा."

मी त्यांच्यासमोरच नोंद उघडली, १९५८ लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह टाकलं आणि वर्णनात त्यांनी सांगितलेलं तारखेसह लिहिलं. आजोबा वाकून स्क्रीनकडे बघत होते.

"हे प्रश्नचिन्ह कायले?"

मी समजावलं: लेखी पुरावा नाही, आठवणीवरून आहे, म्हणून तशी पद्धत आहे.

"पुरावा? अन् मी काय हाओ मग? तुमच्यासमोर उभा हाओ नं!"

ते अजून रोज सकाळी येतात. पेपर उघडायच्या आधी विचारतात, "काढलं का वो मॅडम ते?"